चलन बुडाले तेव्हा घर कसे चालले? : जर्मनीतील १९२३ च्या महागाईचा कौटुंबिक इतिहास

शालेय इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीवर एखादा परिच्छेद असतो आणि सोबत बहुधा एक छायाचित्र असते. नोटांची पुडकी टोपल्यांत आणि हातगाड्यांवर भरली जात आहेत, किंवा लहान मुले नोटांच्या गठ्ठ्यांचे मनोरे रचून खेळत आहेत. विद्यार्थी ते चित्र पाहून हसतात. शिक्षक पुढच्या मुद्द्याकडे वळतात आणि हिटलरचा उदय सुरू होतो. पण ती टोपली घेऊन जो माणूस घरी गेला, त्याच्या घरी त्या संध्याकाळी काय शिजले, हा प्रश्न वर्गात सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

या विचारातून एक गोष्ट प्रकर्षाने पुढे येते. हे संकट सर्व कुटुंबांवर सारखे कोसळले नाही. कोणाकडे किती संपत्ती होती यापेक्षा ती कोणत्या रूपात होती, यावर कुटुंबाचे भवितव्य ठरले. जमीन, माल किंवा चक्क कर्ज ज्यांच्या नावावर होते ते तरले. ज्यांनी सरकारच्या आणि कायद्याच्या लेखी शब्दावर विश्वास ठेवून काटकसरीने पैसा साठवला, ते बुडाले. दोन्ही प्रकारच्या घरांत रोजची चूल पेटती ठेवण्याचे काम मात्र मुख्यतः स्त्रियांच्या अंगावर पडले.

पैसा कसा विरला

जर्मन सरकारने महायुद्धाचा खर्च करांपेक्षा कर्जातून अधिक भागवला. युद्धकाळात नऊ वेळा युद्धकर्जरोखे काढण्यात आले आणि त्यांतून सुमारे ९८ अब्ज मार्क उभे राहिले. शिक्षक, टपाल कर्मचारी, छोटे दुकानदार, विधवा अशा सामान्य लोकांनी देशभक्तीच्या भावनेने हे रोखे घेतले. युद्ध हरल्यावर कर्जाचा डोंगर तसाच राहिला. त्यात जखमी सैनिक व विधवांची निवृत्तिवेतने आणि १९२१ मध्ये ठरलेली १३२ अब्ज सुवर्णमार्कांची युद्धभरपाई यांची भर पडली. खर्च भागवण्यासाठी नोटा छापण्याचा मार्ग आधीच रुळला होता. ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रान्स व बेल्जियमच्या सैन्याने रूर हा कोळसा-पोलादाचा प्रदेश ताब्यात घेतला. त्याच्या निषेधार्थ काम बंद केलेल्या कामगारांचे वेतन सरकार देऊ लागले आणि तेही छापलेल्या नोटांतूनच.

युद्धापूर्वी एका अमेरिकी डॉलरला ४.२ मार्क पडत. जानेवारी १९२२ मध्ये ते सुमारे १९२ झाले, जानेवारी १९२३ मध्ये सुमारे १८ हजार, जुलैमध्ये साडेतीन लाख, ऑगस्टमध्ये ४६ लाख, सप्टेंबरमध्ये जवळजवळ १० कोटी आणि ऑक्टोबरमध्ये अडीच हजार कोटींवर. २० नोव्हेंबर १९२३ रोजी हा दर ४ लाख २० हजार कोटींवर येऊन थांबला. बर्लिनमध्ये जानेवारीत सुमारे २५० मार्कांना मिळणारा पाव नोव्हेंबरमध्ये सुमारे २० हजार कोटी मार्कांना मिळू लागला. नोटा छापण्यासाठी मध्यवर्ती बँकेने शंभराहून अधिक खाजगी छापखाने कामाला लावले होते, तरीही नोटा पुरत नव्हत्या. ऑगस्टमध्ये नोटा छापणाऱ्या कामगारांनी संप केला तेव्हा रोख रकमेचीच टंचाई झाली आणि पंतप्रधान कुनो यांचे सरकार त्याच आठवड्यात कोसळले.

हे आकडे वर्गात सांगितले की विद्यार्थी थक्क होतात, परंतु त्यांतून घर दिसत नाही. घर पाहायचे तर पगाराच्या दिवसापासून सुरुवात करावी लागते.

पगाराचा दिवस

सेबास्टियन हाफनर या पत्रकार-इतिहासकाराने १९३९ मध्ये लिहिलेल्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर, २००० मध्ये प्रसिद्ध झाल्या. १९२३ मध्ये तो पंधरा वर्षांचा होता. त्याचे वडील प्रशियाच्या शासनात वरिष्ठ अधिकारी होते, जुन्या वळणाचे, सट्टेबाजीला तुच्छ लेखणारे. पगार हाती पडताच वडील आधी रेल्वेचा महिन्याचा पास काढत, कारण महिनाभर कचेरीत जाणे तरी निश्चित व्हावे. मग घरभाडे आणि शाळेची फी भागवली जाई. घरातील सगळे केस कापून येत. उरलेली रक्कम आईच्या हाती येई आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सारे कुटुंब घाऊक बाजारात जाऊन तासाभरात महिन्याचा पगार टिकाऊ खाद्यपदार्थांवर खर्च करी. त्यानंतर महिनाभर घरात पैसा नसे.

या वर्णनात उच्च अधिकाऱ्याचे घरसुद्धा महिन्यातील एका दिवसापुरतेच चलनव्यवहारात उरले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बाकीचे एकोणतीस दिवस ते साठ्यावर जगत होते.

कारखान्यातील कामगाराचे घर वेगळ्या रीतीने चाले. त्याला साठा करण्याइतकी रक्कम एका वेळी मिळतच नसे. वेतन आधी आठवड्याला, मग दोन-तीन दिवसांनी, काही ठिकाणी रोज दिले जाऊ लागले. कामगाराची पत्नी कारखान्याच्या दाराशी येऊन थांबे, नोटा घेई आणि नवा दर जाहीर होण्याआधी दुकान गाठण्यासाठी धावे. १९२३ च्या उन्हाळ्यापासून संघटनांच्या दबावामुळे वेतन महागाईच्या निर्देशांकाला जोडण्यास सुरुवात झाली. अनेक कारखानदार बटाटे आणि कोळसा घाऊक विकत घेऊन कामगारांना वाटत. संघटित कामगारामागे निदान संघटना होती, ग्राहक सहकारी भांडारे होती. एकट्या विधवेमागे यांपैकी काहीच नव्हते.

घरभाडे ही एक अनपेक्षित सवलत ठरली. १९२२ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडी गोठली आणि महागाईच्या शिखरावर त्यांचा बोजा जवळपास नाहीसा झाला. भाडेकरू त्यामुळे वाचला. परंतु म्हातारपणाची सोय म्हणून आयुष्यभराच्या कमाईतून एखादी इमारत बांधलेला छोटा घरमालक त्याच कायद्याने निर्धन झाला. आपल्याकडील जुन्या भाडेकायद्यांखाली अडकलेल्या वक्फ मिळकतींचे व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कोंडी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

रांग, गाव आणि भाड्याची खोली

शहरातील पैसा शेतकऱ्याला नको होता. १९२३ चे पीक चांगले आले होते, पण विरघळत्या कागदाच्या बदल्यात ते विकायला तो तयार नव्हता. त्यामुळे शहरी कुटुंबे आगगाडीने खेड्यांत जाऊ लागली. गालांत दाणे भरून नेणाऱ्या हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्यावरून जर्मन लोकांनी या फेऱ्यांना नावही दिले होते. हा शब्द महायुद्धातील टंचाईच्या वेळीच रूढ झाला होता. लग्नातील चादरी, चांदीचे चमचे, घड्याळ, गालिचा, कधी पियानोसुद्धा देऊन बटाटे, पीठ आणि डुकराची चरबी आणली जाई. देण्यासारखे काही उरले नाही तेव्हा जमावाने शेतात शिरून बटाटे उपटून नेल्याच्याही घटना घडल्या.

ज्यांना शक्य होते त्यांनी शहराच्या कडेला असलेल्या छोट्या भाडेबागांत भाजी लावली, ससे आणि कोंबड्या पाळल्या. रूरच्या खाणकामगारांत बकरी पाळण्याची जुनी चाल होती आणि तिला ते ‘खाणवाल्याची गाय’ म्हणत. याच भागातील हजारो मुलांना त्या वर्षी देशाच्या इतर भागांतील शेतकरी कुटुंबांकडे पाठवण्यात आले. डॉक्टर आणि वकील फीऐवजी अंडी, लोणी किंवा कोळसा स्वीकारीत. नगरपालिका आणि कारखाने स्वतःच्या तात्पुरत्या नोटा काढीत. ओल्डेनबुर्ग या छोट्या राज्याने तर १९२२ च्या अखेरीस राय धान्याच्या भावाशी बांधलेले रोखे काढले. सरकारी चलनावरचा विश्वास उडाल्यावर लोक पुन्हा धान्याकडे वळले होते.

ही सारी धडपड कोणत्याही अर्थशास्त्रीय तक्त्यात ‘काम’ म्हणून नोंदली गेली नाही. रांगेतील पाच तास, जुन्या कोटातून मुलाचा कोट शिवणे, शेजारणीकडून पीठ उसने आणून साबण परत करणे, यांची बेरीज कोणी केली नाही. चित्रकार केटे कोलवित्झ यांचे पती बर्लिनच्या कामगारवस्तीत डॉक्टर होते, त्यामुळे अशा माता रोज त्यांच्या दारात येत. जर्मनीची मुले उपाशी आहेत असे सांगणारे त्यांचे भित्तिचित्र याच काळातले. अमेरिकेतील क्वेकर पंथीयांनी १९२० पासून शाळांमधून मुलांना गरम जेवण देण्याची योजना चालवली आणि तिच्या ऐन भरात रोज सुमारे दहा लाख मुले जेवत. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशातून आलेल्या या जेवणाची आठवण त्या पिढीने पुढे कितीतरी वर्षे जपली.

मध्यमवर्गीय घरांत आणखी एक मार्ग अवलंबला गेला. स्वतः एका खोलीत राहून बाकीच्या खोल्या भाड्याने द्यायच्या आणि शक्यतो परदेशी माणसाला द्यायच्या, कारण त्याच्याकडे पौंड किंवा डॉलर असत. याच बर्लिनमध्ये १९२२ मध्ये एक भारतीय तरुण अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी आला. १८९७ मध्ये हैदराबादेत जन्मलेले आणि पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांनी बर्लिन विद्यापीठातून १९२६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. डॉ. आबिद हुसेन आणि प्रा. मुहंमद मुजीब हेही त्या वर्षांत तेथे होते. झाकिर साहेबांनी १९२५ मध्ये बर्लिनच्या काव्यानी छापखान्यातून काढलेली ‘दीवान-ए-गालिब’ची देखणी आवृत्ती उर्दूच्या अभ्यासकांना परिचित आहे. महागाईच्या ऐन दिवसांत परकीय चलन बाळगणाऱ्या पाहुण्याला बर्लिन स्वस्त होते, आणि ज्या घरांत असे पाहुणे राहत, त्या घरांना तो स्वस्तपणा फार महाग पडलेला होता. आपल्या शैक्षणिक इतिहासातील बर्लिनचे पर्व शिकवताना ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

ज्यांनी शब्दावर विश्वास ठेवला

सर्वांत मोठा आघात बचत करणाऱ्यांवर झाला. तीस-चाळीस वर्षे हप्ते भरलेली विम्याची पॉलिसी मुदत भरली तेव्हा टपालाच्या तिकिटाच्याही किमतीची राहिली नाही. मुलीच्या लग्नासाठी बँकेत ठेवलेली रक्कम संपली, आणि हुंड्याच्या अपेक्षेवर वाढलेल्या मध्यमवर्गीय मुली टंकलेखन शिकून कचेऱ्यांत जाऊ लागल्या. व्याजावर गुजराण करणाऱ्या वृद्धांचा एक नवा गरीब वर्ग तयार झाला. आयुष्यात कधी कोणापुढे हात न पसरलेली ही माणसे १९२३ मध्ये मदत कचेऱ्यांच्या रांगांत उभी राहिली. त्यांच्यासाठी सरकारला स्वतंत्र साहाय्याचा कायदा करावा लागला.

यात कायद्याचा वाटा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अनाथ मुलांचा पैसा आणि विश्वस्त निधी ‘सुरक्षित’ रोख्यांतच गुंतवावा, असा जर्मन कायद्याचा दंडक होता. सुरक्षित म्हणजे सरकारी रोखे आणि गहाणखतावरील कर्जे. कायदा काटेकोरपणे पाळणाऱ्या विश्वस्तांचा निधी त्यामुळे पुरता बुडाला. शिष्यवृत्त्या, अनाथालये, वृद्धाश्रम चालवणाऱ्या जुन्या धर्मादाय संस्था काही महिन्यांत रिकाम्या झाल्या. उलट ज्याने कर्ज काढून शेत, कारखाना किंवा घर घेतले होते, त्याने ते कर्ज एका पावाच्या किमतीत फेडले.

मग प्रश्न उभा राहिला तो न्यायाचा. चांगल्या पैशात घेतलेले कर्ज निकामी कागदात फेडले तर ते फिटले असे म्हणावे काय? जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर १९२३ रोजी ‘मार्क म्हणजे मार्क’ हे तत्त्व नाकारले आणि सद्भाव व विश्वास यांच्या आधारे धनकोला काही भरपाई मिळाली पाहिजे, असा निर्णय दिला.

फिक्हच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा वाटणार नाही. तांब्याच्या नाण्यांचे म्हणजे ‘फुलूस’चे मोल बदलले तर कर्जदाराने तितकीच नाणी परत करावीत, असे इमाम अबू हनीफा यांचे मत होते. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ यांनी मात्र व्यवहाराच्या दिवशी जे मोल होते ते परत करावे, असे म्हटले. एकोणिसाव्या शतकात दमास्कसचे इब्न आबिदीन यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याच्याही चारशे वर्षे आधी कैरोमध्ये मुहतसिब म्हणून बाजारावर देखरेख केलेले इतिहासकार अल-मकरीझी यांनी इजिप्तमधील दुष्काळ आणि महागाईची मीमांसा केली. अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार, जमिनीचा वाढलेला खंड आणि तांब्याच्या नाण्यांचा सुळसुळाट ही तिची कारणे त्यांनी सांगितली. न्यायालयाने १९२३ मध्ये जे सांगितले त्याच्या जवळ जाणारा विचार आपल्या ग्रंथपरंपरेत फार पूर्वी झाला होता. अर्थशास्त्राच्या आणि इस्लामी अभ्यासाच्या वर्गांनी एकत्र येऊन चर्चा करावी असा हा विषय आहे.

राग कोणावर निघाला

उपासमार आणि अपमान यांतून साठलेला संताप नोव्हेंबरात बाहेर पडला, तो मात्र भलत्याच माणसांवर. ५ नोव्हेंबर १९२३ रोजी बर्लिनमधील रोजगार कचेरीसमोर बेकारांचा मोठा जमाव होता. मदतीचे पैसे संपल्याचे त्यांना सांगण्यात आले. पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी लोकांनी ते पैसे आधीच विकत घेऊन टाकले, अशी अफवा पसरवण्यात आली. जमाव जवळच्या शॉयनेनफिर्टेल या गरीब वस्तीत घुसला. दुकाने लुटली गेली, लोकांना रस्त्यावर मारहाण झाली, अंगावरचे कपडे ओरबाडले गेले. या वस्तीत राहणारे बहुतेक फेरीवाले, शिंपी आणि किरकोळ दुकानदार होते, म्हणजे महागाईने पिळलेलेच. चार दिवसांनी म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव फसला.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १९२३ च्या महागाईमुळे हिटलर सत्तेवर आला, असे सरळ समीकरण अनेकदा मांडले जाते. प्रत्यक्षात १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला अवघी २.६ टक्के मते होती. १९३० नंतरची महामंदी, सुमारे साठ लाखांची बेकारी आणि त्या वेळची खर्चकपात यांनी त्याला मार्ग मोकळा करून दिला. महागाईने त्याआधी जे केले ते अधिक खोल होते. प्रामाणिकपणे जगणारा बुडतो आणि प्रजासत्ताकाचा शब्द पाळला जात नाही, ही समजूत तिने लक्षावधी घरांत रुजवली, आणि दोष देण्यासाठी दुर्बल शेजारी कसा शोधायचा याचा सराव करून दिला.

स्थिरता आली, पण कोणासाठी

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी ‘रेंटेनमार्क’ हे नवे चलन आले. एका नव्या मार्काला जुने एक लाख कोटी मार्क असा दर ठरला. शेती आणि उद्योगांच्या मालमत्तेवरील तारण हा त्याचा आधार होता. खरा आधार मात्र हा की ते मर्यादित संख्येत काढले गेले आणि मध्यवर्ती बँकेने सरकारला नोटा छापून उसने देणे थांबवले. काही आठवड्यांत दुकानांतील फळ्या पुन्हा भरल्या. माल होता, तो केवळ दडवलेला होता, हे पाहून अनेकांना धक्का बसला.

या स्थिरतेची किंमतही घरांनीच मोजली. वर्षअखेरीस कामगार संघटनांच्या सभासदांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक बेकार होते. ऑक्टोबर १९२३ च्या आदेशाने सरकारी नोकरांत मोठी कपात झाली आणि विवाहित स्त्री-कर्मचाऱ्यांना कामावरून दूर करण्याची खास तरतूद त्यात होती. वर्षभर घर सावरणाऱ्या स्त्रीवरच पहिली कुऱ्हाड पडली. १९२५ च्या कायद्याने गहाणकर्जांचे २५ टक्के मोल मान्य केले. सरकारी रोख्यांना मात्र केवळ अडीच टक्के मिळाले, आणि ते घेणारे तेच युद्धकाळातील देशभक्त बचतदार होते.

समारोप

१९२३ च्या जर्मन कुटुंबाने तग धरला तो साठा, वस्तुविनिमय, नातेसंबंध, संघटना आणि स्त्रियांचे बिनमोल श्रम यांच्या बळावर. चलन दुरुस्त व्हायला काही आठवडे पुरले, पण ज्यांची बचत गेली त्यांना ती मिळाली नाही आणि गेलेला विश्वासही परत आला नाही. हा धडा शिकवताना नोटांच्या छायाचित्राबरोबर चार घरे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत : अधिकाऱ्याचे, कामगाराचे, व्याजावर जगणाऱ्या विधवेचे आणि कर्जदार शेतकऱ्याचे. प्रत्येक घराकडे जानेवारीत काय होते आणि डिसेंबरात काय उरले, याचा तक्ता विद्यार्थ्यांनी करावा. मग शॉयनेनफिर्टेलमधील शिंप्याचे पाचवे घर त्यात घालावे आणि त्याचा रकाना भरण्याआधी विद्यार्थ्यांना विचारावे की, जमाव त्याच्याच दाराशी का गेला असेल?